फोटोत जागा मिळाली, खुर्चीचे काय?

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका मुलीने मोबाईल पुढे केला. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती कॉलेजचे माहितीपत्रक होते. मुखपृष्ठावर हिरवळीवर बसलेले पाच विद्यार्थी. एक गोरा, एक कृष्णवर्णीय मुलगी, एक लॅटिनो, एक पूर्व आशियाई आणि एक आपल्याकडचा वाटणारा मुलगा. सगळे हसताहेत. खाली ओळ होती की इथे सर्वांचे स्वागत आहे. मुलीने विचारले, "दादा, हे लोक खरंच असे आहेत, की नुसता फोटो?"

तिच्यासाठी हा प्रश्न गप्पांचा नव्हता. अर्जाची मुदत जवळ आली होती. घरातली पदवीपर्यंत पोचलेली ती पहिली, आणि बाप कर्ज काढायच्या तयारीत. तेव्हा तिला आम्ही वर्गात जे थोडक्यात सांगितले ते इथे सविस्तर मांडतो. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आज कंपन्या, विद्यापीठे, चित्रपट, जाहिराती, सगळीकडे 'डायव्हर्सिटी' हा शब्द ऐकू येतो आणि आपली पोरे त्यावर भाळतात.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. विविधता आणि प्रतिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विविधता म्हणजे मालकाने आपल्या घरात कोणाकोणाला बसवले ते. प्रतिनिधित्व म्हणजे घर कसे चालवायचे हे ठरवताना तुमचे मत मोजले जाते की नाही ते. पहिली गोष्ट देणाऱ्याच्या मर्जीवर असते, दुसरी हक्काने घ्यावी लागते. अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजांचा इतिहास हा फरक दाखवणारा उत्तम धडा आहे.

आपला काय संबंध?

कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या कॉलेजांशी आपले काय देणेघेणे? देणेघेणे जुने आहे. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शिक्षणकार्याच्या वाटेवर अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांचे नाव येते. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो छापला 'ज्ञानोदय'ने, म्हणजे अमेरिकन मिशनच्याच पत्राने. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतले ते तिथूनच.

पण ऋण मानणे वेगळे आणि डोळे मिटणे वेगळे. अहमदनगरला शाळा काढणारे मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचे होते, त्याच बोर्डावर त्याच्या स्वतःच्या देशात आरोप होता की तुम्ही गुलामगिरीबद्दल गप्प बसता. त्याला कंटाळून गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती मंडळींनी १८४६ साली वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. म्हणजे 'ख्रिस्ती संस्था' अशी एकच गोष्ट कधीच नव्हती. एकाच बायबलातून एक जण साखळी तोडायला शिकत होता आणि दुसरा ती नीट बांधायला.

बेरियाचे काय झाले?

साखळी तोडणाऱ्यांतले एक जॉन फी. असोसिएशनच्या पाठबळावर त्यांनी १८५५ साली केंटकी या गुलामगिरीच्या राज्यात बेरिया इथे शाळा काढली. देवाने सगळ्या मानवजाती एकाच रक्तापासून घडवल्या, हा तिच्या बोधवाक्याचा आशय. १८५९ साली गुलाममालकांच्या टोळीने त्यांना राज्यातून हाकलले. यादवी युद्ध संपल्यावर ते परत आले आणि १८६६ साली वर्ग भरले तेव्हा १८७ विद्यार्थ्यांत ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे होते. त्यासाठी तिथे कोणी डायव्हर्सिटी अधिकारी नेमला नव्हता. शाळा कोणासाठी आहे हे आधी ठरले होते, आकडे त्या मागोमाग आले.

पुढे दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८९२ नंतर नव्या अध्यक्षांच्या काळात कॉलेजचे लक्ष डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्यांकडे वळले आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण घसरत गेले. त्यानंतर १९०४ साली केंटकीने कायदाच केला की गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र शिकवणे हा गुन्हा. कॉलेजला एक हजार डॉलर दंड झाला. कॉलेज लढले, पण १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले, पण मत नोंदवून वर्गाचे दार उघडत नाही. कृष्णवर्णीयांसाठी लिंकन इन्स्टिट्यूट ही वेगळी संस्था काढली गेली. १९५० साली कायदा बदलला तेव्हा बेरियाने पुन्हा प्रवेश सुरू केले. मधली ४६ वर्षे गेली ती गेलीच.

यातून आम्ही काय घ्यायचे? चांगल्या माणसाच्या चांगुलपणावर उभी राहिलेली समता त्या माणसाबरोबर संपते. नवे अध्यक्ष आले, धोरण बदलले. कायदा नंतर आला, घसरण आधीच सुरू झाली होती. म्हणून तर बाबासाहेब हक्क कायद्यात लिहून घेण्यासाठी आयुष्यभर झगडले. याच बेरियातून १९०३ साली कार्टर वुडसन पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांनी कृष्णवर्णीयांचा इतिहास अभ्यासाचा विषय केला आणि १९३३ साली कृष्णवर्णीयांना मिळणारे शिक्षणच त्यांना कसे गुलाम ठेवते यावर ग्रंथ लिहिला. ते कॉलेजात शिरल्यावर एकच वर्षात ती दारे बंद झाली असती, तर हे पुस्तक कोणी लिहिले असते?

धर्मस्वातंत्र्याची ढाल

आता दुसरे टोक पाहा. दक्षिण कॅरोलिनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाने १९७१ पर्यंत कृष्णवर्णीयांना घेतलेच नाही. मग विवाहितांना घेतले, पुढे अविवाहितांनाही, पण अट घातली की वेगवेगळ्या वंशांच्या मुलामुलींनी प्रेम करायचे नाही, लग्न करायचे नाही. केले तर हकालपट्टी. कारण काय, तर बायबल असे सांगते.

हे ऐकताना कोणाला मनुस्मृती आठवली नाही तर नवल. जात टिकते ती बेटीबंदीने, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात मांडले होते. अमेरिकेतल्या या विद्यापीठाला तेच सूत्र निबंध न वाचताही ठाऊक होते. शेजारी बसू द्या, नाते जुळू देऊ नका.

सरकारने त्यांची करसवलत काढली. विद्यापीठ कोर्टात गेले आणि म्हणाले, हा आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सांगितले की वंशभेद संपवणे हे राष्ट्राचे इतके मोठे हित आहे की त्यापुढे हा दावा टिकत नाही. तरीही ती बंदी २००० सालापर्यंत चालू राहिली. निवडणुकीच्या प्रचारात बुश तिथे भाषण करून आले, देशभर ओरड झाली, तेव्हा कुठे ती उठली. माफी मागितली गेली २००८ साली.

म्हणजे नियम कशाने बदलला? करसवलत गेली तरी विद्यापीठ ताठ होते. अब्रू जायला लागली तेव्हा वाकले. प्रस्थापितांचे मतपरिवर्तन होईल म्हणून वाट पाहणाऱ्यांनी हे दोन वर्षांचे आकडे, १९८३ आणि २०००, शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

माफी, पण हिशेब कोण करणार?

सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट जॉर्जटाउन विद्यापीठाची. वॉशिंग्टनमधले हे जेसुइटांचे नामांकित विद्यापीठ. १८३८ साली जेसुइटांनी आपल्या मळ्यांवरची २७२ गुलाम माणसे लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. त्यात बायका होत्या, लेकरे होती. आलेल्या पैशातला काही भाग कॉलेजचे कर्ज फेडायला गेला. ज्यांनी हा सौदा केला त्यांचीच नावे पुढे इमारतींना लागली.

२०१५ साली विद्यार्थ्यांनी धरणे धरले. नावे उतरली. २०१७ साली विद्यापीठाने आणि जेसुइटांनी वंशजांसमोर माफी मागितली. एका इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव दिले. विक्रीच्या कागदावर पहिले नाव त्यांचे होते. दुसऱ्या इमारतीला अॅन मेरी बेक्राफ्ट यांचे नाव दिले. त्यांनी त्याच परिसरात कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा चालवली होती. सावित्रीमाईंच्या लेकींना ही बाई परकी वाटू नये. वंशजांना प्रवेशात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसारखे प्राधान्य मिळेल, असेही जाहीर झाले.

इथपर्यंत आम्ही टाळ्या वाजवू. पण पुढे काय झाले ते ऐका. एप्रिल २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान घेतले. प्रत्येक विद्यार्थ्याने दर सत्राला २७ डॉलर २० सेंट द्यायचे आणि तो निधी वंशजांसाठी वापरायचा. आकडा मुद्दाम निवडलेला, २७२ ची आठवण म्हणून. दोनतृतीयांश मते बाजूने पडली. विद्यापीठाने हे शुल्क लागू केले नाही. त्याऐवजी ऑक्टोबरमध्ये जाहीर केले की ऐच्छिक देणग्यांतून वर्षाला चार लाख डॉलर उभे करू.

वरवर पाहता रक्कम तितकीच, मग भांडण कशाचे? भांडण 'शुल्क' आणि 'देणगी' या दोन शब्दांचे आहे. शुल्क म्हणजे देणे लागतो ही कबुली. देणगी म्हणजे आमची दयाबुद्धी. बाबासाहेबांनी पुणे करारानंतरच्या हरिजन सेवक संघाबद्दल हाच आक्षेप घेतला होता. त्याच्या कारभारात अस्पृश्यांनाच जागा नव्हती. पापाचे प्रायश्चित्त कसे घ्यायचे हेसुद्धा पाप करणाराच ठरवणार असेल, तर ती माफी अर्धीच राहते. २०२१ साली जेसुइटांनी वंशजांच्या संघटनेबरोबर प्रतिष्ठान काढून दहा कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. ही गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते, कारण तिथे वंशज टेबलाच्या पलीकडे नाहीत, टेबलाशी बसले आहेत.

रंग चालतो, मत चालत नाही

इलिनॉयचे व्हीटन कॉलेज १८६० साली गुलामगिरीविरोधी जोनाथन ब्लँचर्ड यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. त्याच कॉलेजच्या पुढच्या काळातल्या एका अध्यक्षांनी कृष्णवर्णीय अर्जदाराला प्रवेश नाकारण्याची बाजू घेतली होती. हे कॉलेजनेच नेमलेल्या समितीने शोधून काढले आणि २०२३ साली ग्रंथालयावरचे त्यांचे नाव उतरवले. स्वतःचा इतिहास असा उकरून काढायला धैर्य लागते, ते आम्ही मान्य करतो. आपल्याकडच्या किती शिक्षणसंस्थांनी आपल्या जुन्या हजेरीपटात महार-मांग-चांभारांची नावे का नाहीत याची समिती नेमली?

पण याच कॉलेजात लारिशिया हॉकिन्स या राज्यशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. तिथे कायमपद मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. डिसेंबर २०१५ मध्ये मुसलमानांविरुद्ध द्वेष उसळला असताना त्यांनी हिजाब घालून त्यांना पाठिंबा दिला आणि लिहिले की आपण व ते एकाच देवाची भक्ती करतो. कॉलेजने त्यांना रजेवर पाठवले, काढून टाकण्याची कारवाई सुरू केली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दोघांनी 'सामोपचाराने' वेगळे व्हायचे ठरवले. कॉलेज म्हणाले, प्रश्न वंशाचा नाही, श्रद्धेचा आहे. असेल. पण ज्या एका बाईने ती पायरी गाठली होती तिलाच जावे लागले, आणि श्रद्धेची चौकट कोणी आखली होती, तर तिच्यासारखे लोक नसलेल्या मंडळाने.

आपण हा प्रकार ओळखतो. पक्षात दलित चेहरा हवा असतो, दलित मत नको असते. राखीव जागेवरून निवडून आलेला आमदार तोंड उघडेपर्यंत सगळ्यांचा लाडका असतो.

स्वतःचे घर

म्हणून कृष्णवर्णीय समाजाने दुसरा मार्गही धरला. ओहायोतले विल्बरफोर्स विद्यापीठ १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली आफ्रिकन मेथडिस्ट चर्चने, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या चर्चने, ते विकत घेतले. गुलामगिरी अजून पुरती संपलेली नव्हती, आणि हे लोक कॉलेज विकत घेत होते! फिस्क, मोअरहाऊस, स्पेलमन ही नावे त्याच परंपरेतली. मोअरहाऊसमधून मार्टिन ल्यूथर किंग घडले. ही कॉलेजेही ख्रिस्तीच. पण तिथे कृष्णवर्णीय मुलगा हा 'विविधतेचा नमुना' नव्हता, तो नुसता विद्यार्थी होता. शिकताना आपल्या सगळ्या जातीची बाजू सांभाळण्याचे ओझे त्याच्या डोक्यावर नव्हते.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ, १९५० साली मिलिंद. मराठवाड्यातल्या खेड्यातला पोरगा मिलिंदच्या वसतिगृहात आला तेव्हा त्याला प्रथमच कळले की कॉलेजात मान खाली घालून बसावे लागत नाही. दलित साहित्य तिथल्या मातीत रुजले ते काही योगायोगाने नाही. आज या आपल्या संस्थांची अवस्था काय आहे? दुसऱ्याच्या घरात जागा मागताना आपले घर गळते आहे, याची लाज आपण बाळगली पाहिजे. ही टीका आम्ही आधी स्वतःवर करतो.

आता वारे फिरले आहे

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याला बंदी घातली. त्याआधी जॉर्जटाउनसह अनेक कॅथलिक विद्यापीठांनी न्यायालयाला सांगितले होते की वेगवेगळ्या वंशांचे विद्यार्थी घडवणे हा आमच्या धार्मिक ध्येयाचाच भाग आहे. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने डायव्हर्सिटीच्या सगळ्या कार्यक्रमांवर हल्ला चढवला. एका सरकारी वकिलाने जॉर्जटाउनच्या लॉ स्कूलला धमकी दिली की हे शिकवणे थांबवा, नाहीतर तुमच्या विद्यार्थ्यांना आमच्या कचेरीत नोकरी नाही. लॉ स्कूलच्या प्रमुखांनी उत्तर दिले की आम्ही काय शिकवायचे हे सरकार ठरवू शकत नाही, आणि जेसुइट संस्था म्हणून हे आमचे स्वातंत्र्य आहे.

गंमत पाहा. बॉब जोन्सने धर्मस्वातंत्र्याची ढाल वगळण्यासाठी धरली, जॉर्जटाउनने सामावण्यासाठी. ढाल तीच, हात वेगळा. म्हणून संस्थेला स्वातंत्र्य असावे की नसावे हा आमचा मूळ प्रश्न नाही. त्या स्वातंत्र्याचा उपयोग कोणासाठी होतो, हा आहे.

आणि हाच प्रश्न आपल्याकडच्या ख्रिस्ती कॉलेजांना विचारला पाहिजे. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला. तो राहिलाच पाहिजे. मिशनऱ्यांच्या नावाने गळा काढणाऱ्या, चर्चवर दगड फेकणाऱ्या टोळ्यांच्या सुरात आम्ही सूर मिसळणार नाही. पण ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम १५(५) मधून अल्पसंख्याक संस्था वगळल्या गेल्या, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. म्हणजे तिथे अनुसूचित जाती-जमातींचा प्रवेश पुन्हा संस्थेच्या मर्जीवर आला. काही कॉलेजे मनापासून जागा देतात, हे आम्हाला माहीत आहे. पण बेरियाचा धडा आठवा. अध्यक्ष बदलला की मर्जी बदलते.

त्यात दलित ख्रिस्ती बांधवांची कोंडी तर दुहेरी. १९५० च्या आदेशामुळे धर्म बदलला की अनुसूचित जातीचा दर्जा जातो, पण चर्चमध्ये जात जात नाही. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडले. ज्या चर्चच्या संस्था या देशात शतकानुशतके उभ्या आहेत, त्यांच्या व्यवस्थापन मंडळांवर दलित किती, हे त्यांनी स्वतःहून जाहीर करावे. व्हीटनने समिती नेमली, जॉर्जटाउनने कागद उघडे केले. इथल्या संस्थांना काय अडचण आहे?

फोटोतला 'आपला' मुलगा

शेवटी त्या माहितीपत्रकाकडे येऊ. त्यात जो आपल्याकडचा वाटणारा मुलगा होता, तो कोण? अमेरिकेच्या हिशेबात तो 'आशियाई'. त्याचे आडनाव कोणी विचारत नाही. पिढ्यान् पिढ्या विद्या ज्यांच्या घरात कोंडलेली होती त्यांचा वारस तिथे जाऊन 'वंचित रंगाचा' म्हणून रांगेत उभा राहतो, आणि शेजारच्या आपल्या पोराला मात्र हळूच आडनाव विचारतो. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. तो कोणाच्या कृपेने आलेला नाही, आपल्याच माणसांनी लढून घालून घेतला. किती ख्रिस्ती कॉलेजांच्या नियमांत तो शब्द आहे, हे अर्ज भरणाऱ्याने तपासावे.

त्या मुलीला आम्ही अर्ज भरू नको असे म्हटले नाही. उलट, नक्की भर म्हटले. बाबासाहेब कोलंबियाला गेले नसते तर? पण कॉलेजला पत्र लिहून चार गोष्टी विचार, असे सांगितले. तुमच्या विश्वस्त मंडळावर फोटोतल्यांसारखे किती जण आहेत? पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात, आणि त्यात कोण मागे राहते? नियमांत जात हा शब्द आहे का? आणि तुमच्या धोरणाविरुद्ध बोलल्यावर कोणाकोणाला कॉलेज सोडावे लागले?

तिने त्याच रात्री पत्र पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आले. उत्तरात पहिल्या दोन प्रश्नांचे आकडे होते, उरलेल्या दोघांबद्दल एक शब्द नव्हता. सोबत माहितीपत्रक पुन्हा जोडलेले होते.

तिने तिसरा प्रश्न पुन्हा लिहून पाठवला आहे. आपणही आपापल्या कॉलेजांना, मग ते मिशनचे असो, शिक्षणसम्राटाचे असो की आपल्या स्वतःच्या सोसायटीचे, हे प्रश्न विचारायला सुरुवात करू या. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी ठणकावून सांगितले होते की अस्पृश्यांची बाजू अस्पृश्यच मांडू शकतात. शंभर वर्षांनंतरही मागणी तीच आहे. फोटोत जागा नको, खुर्ची हवी.

जय भीम!